दोषारोपपत्राबाहेर राहिलेला पुरावा

फौजदारी खटला सुरू होण्यापूर्वी सरकार पक्षाने आपल्याजवळचा कोणता पुरावा आरोपीला दाखवायचा, या प्रश्नाला भारतीय कायद्यात वरकरणी सोपे उत्तर आहे: दोषारोपपत्राच्या नकला द्या, पोहोच घ्या आणि पुढे चला. पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या आवारात आणि वृत्तपत्रांच्या बातम्यांत सर्रास ऐकू येणारे मतही याच उत्तरावर उभे आहे. नकला मिळाल्यावरही आरोपीचा वकील आणखी काही मागत असेल, तर तो तारखा खातो आहे, असे ते मत.

हे मत वरवरचे आहे. वाद नकलांचा आहे असे ते धरून चालते. वाद निवडीचा आहे. तपासात गोळा झालेल्या साहित्यातले काय दोषारोपपत्राला जोडायचे हे तपासी अंमलदार ठरवतो, आणि जे जोडले नाही त्याचा उल्लेखही आरोपीपर्यंत पोहोचत नाही. जे आहे हेच माहीत नाही ते मागायचे कसे, या अडचणीतून बरेचसे अर्ज जन्माला येतात. म्हणून पुढील प्रतिपादन असे: सरकारी अधिकार वापरून जमवलेले साहित्य सरकार पक्षाच्या मालकीचे होत नाही; त्याची पूर्ण यादी खटल्याआधी आरोपीला मिळणे ही निष्पक्ष खटल्याची किमान अट आहे; आणि खटले रेंगाळतात ते ही यादी मागितल्यामुळे कमी, ती न दिल्यामुळे जास्त.

नकलांचा गठ्ठा

दोषारोपपत्र दाखल होऊन आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर झाला की नकलांची तारीख लागते. कोर्टातला पोलीस शिपाई टॅगने बांधलेला गठ्ठा पुढे करतो. वर अनुक्रमणिका, खाली फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, अटक आणि जप्तीचे पंचनामे, जबाब, वैद्यकीय दाखले, मुद्देमाल रासायनिक विश्लेषकाकडे पाठवल्याचे पत्र. विश्लेषकाचा अहवाल बऱ्याचदा नसतो, तो मागाहून येतो. झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्समध्ये घटनास्थळाच्या कच्च्या नकाशाच्या चार पुसट रेघा उरतात. पाठपोट लिहिलेल्या पंचनाम्याची मागची बाजू कधी आलेलीच नसते, आणि सीडीच्या जागी 'सोबत सीडी जोडली आहे' एवढे वाक्य असते. आरोपी नकला मिळाल्याची सही किंवा अंगठा देतो, रोजनाम्यात एक ओळ पडते आणि कायद्याची अट पुरी झाली असे धरले जाते.

ही अट १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० मध्ये आहे. त्याआधी ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०७ मध्ये होती. पोलीस अहवाल, प्रथम खबर, सरकार पक्ष ज्यांना साक्षीला बोलावणार आहे त्यांचे पोलिसांपुढचे जबाब, न्यायदंडाधिकाऱ्याने नोंदवलेले कबुलीजबाब आणि इतर जबाब, आणि अहवालासोबत पाठवलेली बाकीची कागदपत्रे किंवा त्यांतले संबंधित उतारे, अशा त्यात पाच बाबी आहेत. नव्या संहितेने आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांची मुदत घातली, वकिलामार्फत हजर असलेल्या पीडितालाही नकलांचा हक्क दिला आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या प्रतींना मान्यता दिली. कागद फारच मोठे असतील तर नकलेऐवजी कोर्टात पाहणी करू देण्याची जुनी सोय कायम आहे.

एका बाबतीत ही तरतूद उदार आहे. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९५७ च्या जेंक्स कायद्यानुसार साक्षीदाराचा आधीचा जबाब त्याची सरतपासणी संपल्यावर बचाव पक्षाला मागता येतो. भारतात तो खटल्याच्या कितीतरी आधी हातात असतो. सरकार पक्ष ज्यावर विसंबतो ते जवळजवळ सगळे आरोपीला आगाऊ मिळते, आणि त्याबद्दल झेरॉक्सचा दर्जा सोडला तर तक्रारीला फारशी जागा नाही.

'विसंबणार' या शब्दाचा भार

तक्रारीची जागा दुसरीकडे आहे. न्यायालयाकडे काय पाठवायचे हे सांगणाऱ्या कलमात (जुने १७३, नवे १९३) सगळा भार एका क्रियापदावर टाकलेला आहे. सरकार पक्ष ज्यांवर विसंबणार आहे ती कागदपत्रे, आणि ज्यांना तो तपासणार आहे त्या साक्षीदारांचे जबाब. समजा, रात्री वस्तीत मारामारी होऊन एकाचा जीव गेला आणि तपासी अंमलदाराने वीस जणांचे जबाब घेतले. बारा जण म्हणाले, मारणारा हाच. पाच जण म्हणाले, अंधारात दिसले नाही. तिघे म्हणाले, मारणारा दुसराच होता, उंच, टोपी घातलेला. साक्षीदारांच्या यादीत बारा नावे येतील आणि गठ्ठ्यात बाराच जबाब येतील. उरलेले आठ केस डायरीच्या पोटात राहतील, आणि केस डायरी मागवण्याचा आरोपीला हक्क नाही. ती न्यायाधीश पाहू शकतो. आरोपीला तिचा उपयोग तपासी अंमलदाराने साक्ष देताना तिचा आधार घेतला किंवा न्यायालयाने त्याला खोटे पाडायला ती वापरली, तरच होतो.

इथे कोणी लबाडी केलेली असण्याची गरज नाही. तपासी अंमलदाराला बारा जणांवर विश्वास बसला असेल आणि तिघांना त्याने प्रामाणिकपणे खोटे मानले असेल. पण कोण खरे बोलतो हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. या व्यवस्थेत ते काम निम्मे तरी न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच आटोपलेले असते, आणि ते आटोपल्याचे न्यायाधीशालाही कळत नाही.

'संबंधित उतारे' या शब्दांचीही तीच गत. तीन दिवसांच्या सीसीटीव्ही चित्रणातली चाळीस मिनिटे, महिनाभराच्या कॉल-नोंदींतली दोन पाने, वहीतली एक नोंद. उतारा कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा हे ज्याला आरोप सिद्ध करायचा आहे तोच ठरवतो.

सरकारी वकिलाला हे माहीत असते का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या अंमलाखालून बाहेर काढायला सांगितले, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे सरकारी वकील तपासापासून दूरही गेला. त्याच्या टेबलावर येतो तो बहुतेक वेळा आरोपीला मिळालेलाच गठ्ठा. आरोपीच्या निर्दोषपणाकडे नेणारे साहित्य दडपले जाऊ नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सरकारी बाजूने खटला चालवणाऱ्या वकिलाला बजावतात. मुद्देमालाची खोली ज्याने कधी पाहिलीच नाही त्याच्यावर हे कर्तव्य टाकणे म्हणजे कर्तव्य कागदावर ठेवणे.

एका देवाणघेवाणीचा इतिहास

ही रचना कुठून आली हे पाहिले की तिची उणीव अधिक स्पष्ट होते. १८९८ च्या संहितेखाली पोलिसांपुढचे जबाब खटल्याआधी मिळत नसत. साक्षीदार कोर्टात उभा राहिल्यावर त्याची उलटतपासणी करण्यासाठी आरोपीने विनंती केली, तर नक्कल मिळे. मात्र सत्र न्यायालयात जाणाऱ्या प्रकरणांत आधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होई, तिथे सरकार पक्षाचे साक्षीदार प्रत्यक्ष तपासले जात, आणि आपल्याविरुद्ध काय आहे याचा अंदाज आरोपीला तिथे येई. १९५५ च्या दुरुस्तीने नकला आगाऊ देण्याची सक्ती आणली आणि त्याच वेळी या प्राथमिक चौकशीला कात्री लावली. १९७३ च्या संहितेने पोलिसांनी दाखल केलेल्या प्रकरणांत साक्षीदार तपासण्याचा तो टप्पा काढूनच टाकला.

वेळ वाचला, यात शंका नाही. पण देवाणघेवाण काय झाली हे पाहावे: साक्षीदारांना खटल्याआधी कोर्टात ऐकण्याची संधी गेली आणि तिच्या बदल्यात तपासी अंमलदाराने निवडलेले कागद आले. आगाऊ नकला हा प्राथमिक चौकशीला पर्याय म्हणून दिलेला असेल, तर त्या नकला कशातून निवडल्या हे कळणे त्या सौद्यातच गृहीत असायला हवे होते. १९७३ मध्ये ते कोणी लिहून ठेवले नाही.

पुलुकुरी कोटय्या हे नाव भारतातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असते ते आरोपीच्या सांगण्यावरून जप्त झालेल्या वस्तूच्या नियमासाठी. १९४७ च्या त्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात पहिला मुद्दा मात्र जबाबांच्या नकलांचा होता, आणि तो बहुतेकांच्या आठवणीतून गळून गेला आहे. पोलिसाच्या टिपणवहीतले साक्षीदारांचे जबाब बचाव पक्षाला फार उशिरा मिळाले होते. निकाल लिहिणारे सर जॉन बोमाँट त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जबाब कधीच मिळाले नाहीत तर आरोपीचे नुकसान झाले असाच निष्कर्ष निघतो, असे त्यांनी म्हटले. उशिरा का होईना मिळाले असतील, तर प्रत्यक्ष नुकसान झाले का ते तपासावे, असेही म्हटले. नकलांच्या या मुद्द्यावर आरोपींना दिलासा मिळाला नाही. तेव्हापासून आजपर्यंत भारतीय न्यायालये याच दुसऱ्या वाक्याच्या आधाराने चालत आली आहेत: चूक झाली हे दाखवणे पुरत नाही, चुकीने नुकसान झाले हेही दाखवावे लागते. न दिलेल्या कागदाने काय नुकसान झाले हे तो कागद न पाहता दाखवायचे, हा त्यातला पेच.

न्यायालयांची दोन दशके

ओरिसा राज्य विरुद्ध देबेंद्रनाथ पाढी या २००४ च्या अखेरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दार जवळजवळ लावून घेतले. आरोप निश्चित करताना न्यायालयाने सरकार पक्षाचेच कागद पाहायचे, आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अधिकार (जुने कलम ९१, नवे ९४) आरोपीने या टप्प्यावर सहसा वापरायचा नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. आरोप निश्चितीलाच छोटा खटला होऊ द्यायचा नाही, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. परिणाम मात्र असा झाला, की बाजूला ठेवलेला कागद आरोपीला मागायचा असेल तर त्याने बचावाच्या टप्प्यापर्यंत थांबायचे. तोवर सरकार पक्षाचे सगळे साक्षीदार उलटतपासणी होऊन घरी गेलेले असतात.

त्यानंतरची वाटचाल म्हणजे हे दार फटीफटीने उघडण्याची कहाणी आहे. जेसिका लाल खून खटल्यात, २०१० मध्ये, न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही असे म्हटले. पण पुरावा उघड करण्याच्या तत्त्वाला थोडा व्यापक अर्थ द्यायला हवा, हेही त्याच निकालात नोंदवले. २०१२ चे व्ही. के. शशिकला प्रकरण जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यातून आले. तिथे जप्त झालेली पण पुराव्यात न आणलेली कागदपत्रे आरोपीने पाहायला मागितली होती, तीही आरोपीचा जबाब घेण्याच्या टप्प्यावर, म्हणजे खटला बराच पुढे गेल्यावर. न्यायालयाने पाहणीची परवानगी दिली. जप्तीचा ढीग मोठा असला की आरोपीला सोयीचे कागद तपासी अधिकाऱ्याकडून बाजूला पडू शकतात, हे न्यायालयाने तिथे उघडपणे मान्य केले. २०१७ मध्ये नित्य धर्मानंद प्रकरणात आणखी एक फट पडली: तपास यंत्रणेने अत्यंत भक्कम साहित्य रोखून ठेवले आहे असे न्यायालयाला वाटले, तर आरोप निश्चितीच्या वेळीही ते मागवता येईल.

खरे वळण आले २० एप्रिल २०२१ रोजी. फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींची स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने नियमांचा मसुदा मंजूर केला आणि उच्च न्यायालयांना तो सहा महिन्यांत स्वीकारायला सांगितले. तपासी अधिकारी ज्यांवर विसंबत नाही अशा जबाबांची, कागदपत्रांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यावी, असे त्यातला एक नियम सांगतो. पुढच्या वर्षी मे महिन्यात, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या फाशीच्या प्रकरणात, हे सर्व खटल्यांत पाळावे असे न्यायालयाने म्हटले. नोव्हेंबर २०२२ च्या पोन्नुस्वामी निकालात बहुमताने स्पष्ट केले, की हा हक्क उच्च न्यायालयाने नियम स्वीकारण्याची वाट पाहत बसत नाही. मात्र तो खटल्याच्या सुरुवातीला वापरायचा, अपिलात शोधमोहीम काढण्यासाठी नव्हे. आणि ७ मे २०२५ च्या सरला गुप्ता निकालाने तो मनी लाँडरिंगच्या खटल्यांत नेला. हे पाऊल मोठे होते, कारण त्या कायद्यात निर्दोषपणा दाखवण्याचे ओझे बऱ्याच अंशी आरोपीवर असते, आणि ज्याच्यावर ओझे टाकायचे त्याच्याच घरातून नेलेले कागद त्याला दाखवायचे नाहीत, हा विरोधाभास फार ठळक होता.

यादीच का

या निकालांत एक गोष्ट सुटून जाण्यासारखी आहे. न्यायालयाने सुरुवातीला आरोपीला सगळे साहित्य द्या असे म्हटलेले नाही. यादी द्या असे म्हटले आहे. यादी पाहून आरोपीने नेमके काय हवे ते मागायचे आणि न्यायालयाने ठरवायचे. ही मधली वाट का बरोबर आहे, याची तीन कारणे आहेत आणि ती एकमेकांवर उभी आहेत.

पहिले कारण मालकीचे. घराची झडती, फोनची जप्ती, बँकेची खाती, रक्ताचे नमुने हे सगळे पोलिसांना मिळते ते राज्याच्या सक्तीच्या अधिकाराने. खासगी दाव्यात एका बाजूने आपल्या कपाटातले कागद दाखवू नयेत हे समजू शकते. राज्याचे कपाट राज्याच्या अधिकाराने भरलेले असते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या स्टिंचकोंब निकालात हेच तत्त्व मांडले: तपासाचे फळ ही शिक्षा मिळवण्यासाठी सरकार पक्षाच्या हाती दिलेली मालमत्ता नाही, ती न्याय व्हावा म्हणून असलेली सार्वजनिक मालमत्ता आहे.

दुसरे कारण निवडणाऱ्याचे. अमेरिकेत १९६३ च्या ब्रेडी निकालाने आरोपीला अनुकूल असलेला महत्त्वाचा पुरावा देणे सरकारी वकिलावर बंधनकारक केले, पण महत्त्वाचे काय हे ठरवणे त्याच्याकडेच ठेवले. टेक्सासमधल्या मायकेल मॉर्टनला पत्नीच्या खुनासाठी १९८७ मध्ये शिक्षा झाली. त्याचा तीन वर्षांचा मुलगा आजीजवळ म्हणाला होता की मारणारा दुसराच होता, बाबा घरी नव्हते. आजीने ते पोलिसांना सांगितले होते, त्याची नोंदही झाली होती. बचाव पक्षाच्या हाती ती पोहोचली नाही. मॉर्टन जवळपास २५ वर्षे तुरुंगात राहिला आणि डीएनए चाचणीनंतर सुटला. २०१३ मध्ये टेक्सासने त्याच्या नावाने कायदा करून सरकार पक्षाची फाइल बचाव पक्षाला खुली केली. लेकराचे ते बोलणे महत्त्वाचे नाही असे कोणाला वाटले असेल, हा प्रश्नच गौण आहे. ते महत्त्वाचे आहे की नाही हे ठरवण्याची पाळी ज्याच्यावर यायला नको होती त्याच्यावर ती आली.

तिसरे कारण वेळेचे. पुरावा टिकत नाही. दूरसंचार परवान्याच्या अटींनुसार कॉल-नोंदी पूर्वी एक वर्ष जपाव्या लागत. डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत दोन वर्षे झाली. सत्र खटल्यात बचावाचा टप्पा येईपर्यंत ही मुदत किती वेळा उलटून जाते हे कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या फलकावरून कळेल. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातही कॉल-नोंदींवरून झालेला वाद लांबलचक ठरला. यादी खटल्याच्या आरंभी असली, तर निदान काय जपून ठेवायचे हे तरी तेव्हाच ठरवता येते.

आक्षेप

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप विलंबाचा. यादी दिली की आरोपी प्रत्येक ओळीवर अर्ज करील. काही आरोपी तसे करतील, हे खरे आहे. जामिनावर बाहेर असलेल्या श्रीमंत आरोपीला खटला लांबलेला हवाच असतो. पण आज अर्ज कसे होतात ते पाहावे. जे आहे की नाही तेच माहीत नाही त्यासाठी अर्ज. सरकार पक्षाचे मोघम म्हणणे. तपासी अंमलदाराची बदली झाल्याने आणखी तारीख. अर्ज फेटाळल्यावर उच्च न्यायालय. यादी हातात असली की न्यायाधीश विचारू शकतो: यातले क्रमांक चौदा का हवे? उत्तर नसेल तर अर्ज तिथेच संपतो. नव्या संहितेने डिस्चार्जच्या अर्जाला आणि आरोप निश्चितीला ६० दिवसांच्या मुदती घातल्या आहेत, कागदपत्र खरे की खोटे हे सांगायला नकला मिळाल्यापासून ३० दिवस दिले आहेत. या मुदती पाळायच्या तर काय अस्तित्वात आहे हे आधी कळायला हवे. तुरुंगात असलेल्या कच्च्या कैद्याला विलंब मुळीच परवडत नाही, हे विलंबाचा आक्षेप घेणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

साक्षीदारांच्या सुरक्षिततेचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. ज्याने जबाब दिला पण ज्याला साक्षीला बोलावले नाही, त्याचे नाव यादीत आले की त्याच्या दारात माणसे जातील. संघटित गुन्हेगारीच्या आणि दहशतवादाच्या खटल्यांत हे भय खरे आहे. कायद्याने त्याची सोय आधीच केली आहे: जबाबातला एखादा भाग वगळण्याची विनंती पोलीस न्यायालयाला करू शकतात, आणि निर्णय न्यायाधीश घेतो. दहशतवादविरोधी कायद्याखालच्या वहीद-उर-रहमान परा प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित साक्षीदारांचे जबाब ओळख लपवून आरोपीला द्यायला सांगितले. २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजनाही अस्तित्वात आहे; ती कितपत चालते हा वेगळा विषय. भय खरे असेल तर नाव झाका. यादीच न देणे हा त्या भयावरचा उपाय नाही, कारण तसे केल्याने भय नसलेल्या बाकीच्या प्रकरणांतही यादी हातची जाते.

एकतर्फीपणाचा आक्षेपही घेतला जातो: सरकार पक्षाने पत्ते उघडे करायचे आणि आरोपीने मिटलेले ठेवायचे. इंग्लंडमध्ये आरोपीने बचावाचे निवेदन आधी द्यावे लागते, भारतात तसे नाही. हा असमतोल आहे आणि तो राज्यघटनेने मुद्दाम ठेवला आहे. अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. श्यामलाल चोक्सी निकालात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे हजर करायला लावणारा अधिकार आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरवले. झडती, अटक आणि प्रयोगशाळा एकाच बाजूकडे असताना समानतेची मागणी दुसऱ्या बाजूने झाली तर ती समजण्यासारखी.

इंग्लंडच्या अनुभवातून निघणारा आक्षेप मात्र खरा टोचणारा आहे, आणि त्याला सहज उत्तर नाही. तिथे यादीची पद्धत तीन दशके आहे. जुडिथ वॉर्ड या महिलेला १९७४ च्या बसमधल्या बॉम्बस्फोटासाठी झालेली शिक्षा १९९२ मध्ये रद्द झाली, कारण पोलिसांनी आणि न्यायवैद्यक शास्त्रज्ञांनी बचावाला उपयोगी साहित्य दडवले होते; त्यानंतर १९९६ मध्ये कायदा आला आणि न वापरलेल्या साहित्याची अनुसूची बनवणे पोलिसांवर बंधनकारक झाले. तरी २०१७ मध्ये तिथल्या तपासणी यंत्रणांच्या संयुक्त अहवालात त्या अनुसूची निकृष्ट असल्याचे आढळले. म्हणजे यादी बनवणारा तोच असेल, तर निवडीचा दोष यादीच्या वर्णनात शिरतो. 'विविध कागदपत्रे, एक फाइल' अशी नोंद काहीच सांगत नाही. हा आक्षेप यादीच्या विरोधात जात नाही. यादी कशी हवी ते सांगतो. जबाब असेल तर कोणाचा, कोणत्या तारखेचा, किती पानांचा. फोन असेल तर कोणाचा, मेक आणि आयएमईआय क्रमांक काय. चित्रण असेल तर कोणत्या कॅमेऱ्याचे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आणि शेवटी तपासी अंमलदाराचे सहीनिशी लेखी: याखेरीज काही जप्त केलेले नाही, काही नोंदवलेले नाही. खोटे ठरले तर त्याला उत्तर द्यावे लागेल, एवढ्याने बराच फरक पडतो.

जप्त केलेला फोन

कागदांच्या गठ्ठ्यासाठी घडवलेली ही चौकट मोबाइल आणि हार्ड डिस्कपुढे अपुरी पडते. एका फोनमध्ये हजारो संदेश, छायाचित्रे, ठिकाणांच्या नोंदी असतात. दोषारोपपत्राला जोडले जातात दहा स्क्रीनशॉट. ते खरे आहेत की नाहीत, त्यांच्या आधीचा आणि नंतरचा संवाद काय होता, हे मूळ उपकरणाच्या हुबेहूब प्रतीवरूनच कळते. प्रत मुळाशी जुळते की नाही हे हॅश मूल्याने, म्हणजे साठवलेल्या माहितीवरून काढलेल्या लांबलचक संकेताने तपासले जाते. त्या माहितीतले एक अक्षर बदलले तरी संकेत पूर्ण बदलतो. म्हणून जप्तीच्या पंचनाम्यात हॅश मूल्य नसेल, तर पुढे प्रतीवर होणारा प्रत्येक वाद अर्धा आधीच हरलेला असतो, मग तो वाद कोणत्याही बाजूने का होईना.

पी. गोपालकृष्णन प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने मेमरी कार्डातला मजकूर 'दस्तऐवज' आहे आणि आरोपीला सर्वसाधारणपणे त्याची प्रत मिळायला हवी असे म्हटले. त्या खटल्यातल्या चित्रणात एका अभिनेत्रीवरचा अत्याचार होता. म्हणून प्रत न देता आरोपीला, त्याच्या वकिलाला आणि तज्ज्ञाला पाहणीची परवानगी मिळाली. पीडितेची प्रतिष्ठा आणि आरोपीचा हक्क यांतली ही सांगड नीट पेलली गेली, असे म्हणावे लागेल. उलट प्रतीची किंमत काय असू शकते ते पुण्यातल्या भीमा कोरेगाव प्रकरणाने दाखवले. जप्त लॅपटॉपची हुबेहूब प्रत बचाव पक्षाला मिळाली, आणि तिच्यावरून अमेरिकेतल्या एका न्यायवैद्यक कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की काही फाइली मालवेअरच्या साहाय्याने बाहेरून घातल्या गेल्या होत्या. तपास यंत्रणेला तो अहवाल मान्य नाही. अहवाल बरोबर की चूक हे न्यायालयाच्या कक्षेतले आहे; प्रत मिळाली नसती तर तो प्रश्न न्यायालयासमोर उभाच राहिला नसता.

नव्या संहितेत काय राहिले

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत संमत झाली. २०२१ चे मसुदा नियम आणि २०२२ चे दोन्ही निकाल तेव्हा समोर होते. तरीही कलम २३० मध्ये जुन्या पाच बाबी तशाच आल्या; बाजूला ठेवलेल्या साहित्याच्या यादीचा उल्लेख नाही. कलम १९३ मध्ये दोन चांगल्या गोष्टी आल्या. इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेले याची क्रमवार नोंद अहवालात द्यावी लागते, आणि आरोपीसाठीची कागदपत्रे अनुक्रमणिकेसह द्यावी लागतात. ती अनुक्रमणिका मात्र दाखल केलेल्या कागदांचीच.

कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण बंधनकारक झाले आहे, आणि ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. पंचनाम्यात लिहिले ते खरे घडले का, हे सांगणारे इतके थेट साधन यापूर्वी आरोपीकडे कधी नव्हते. पण कलम २३० ची पाचवी बाब शब्दशः वाचली तर ती पोलीस अहवालासोबत पाठवलेल्या कागदपत्रांपुरती आहे. झडतीचे चित्रण अहवालाच्या कितीतरी आधी, वेगळ्या वाटेने न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेलेले असते. सरकार पक्षाने ते आपल्या यादीत घेतले नाही, तर ते कोर्टाच्याच कपाटात असूनही नकलांच्या गठ्ठ्यात नसेल, आणि त्यासाठी आरोपीच्या वकिलाला पुन्हा अर्जच करावा लागेल.